न दुखणारे दुखणे

मैत्रिणींनो, घरातल्या कुणाचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, असे विचारले तर तुम्ही चटकन सांगाल. सासऱ्यांचा मागच्या महिन्यात, सासूबाईंचा परवाच, 'ह्यां'चा कचेरीतल्या तपासणीत. आता स्वतःचा सांगा पाहू! आपल्यापैकी पुष्कळजणींना धाकट्याच्या बाळंतपणापर्यंत मागे जावे लागेल. माझेही तसेच होते. दोन वर्षांपूर्वी गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या सांगलीच्या घरी जे घडले, त्याने माझे डोळे उघडले. ते तुम्हांला सांगावे, आणि त्यात माझी स्वतःची जी चूक झाली तीही सांगावी, म्हणून हा लेख.

मी साताऱ्याला असते. घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्या घरच्या गौरी मात्र सांगलीला थोरल्या दिरांकडे बसतात, त्यामुळे दरवर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशी आम्ही सांगली गाठतो. थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे वहिनी म्हणतात, मीही वहिनीच म्हणते. त्यांचे वय तेव्हा सत्तेचाळीस. अंगाने दणकट, कामाला वाघ. पुरणपोळ्या, सोळा भाज्या, पंचवीस पाने, पण कधी तोंडातून 'दमले' असा शब्द नाही.

त्या दिवशी सकाळी साडेनऊचा सुमार. मी पुरण वाटत होते, वहिनी कणीक तिंबत होत्या. एकाएकी त्यांच्या हातातली तेलाची वाटी निसटली. मी म्हटलं, "वहिनी, काय झालं हो?" त्या म्हणाल्या, "काही नाही गं, हाताला जरा मुंग्या..." पुढचे शब्द जड झाले, जिभेवर काही ठेवल्यासारखे. ओठाचा उजवा कोपरा किंचित खाली आला होता. हे मी पाहिले. अगदी स्पष्ट पाहिले, आणि मला वाटले की दोन दिवसांच्या जागरणाने चेहरा ओढल्यासारखा दिसतोय.

शेजारच्या आजी धावत आल्या. "पित्त झालं असंल. कालपास्नं पोटात काय न्हाई बघ तिच्या." आम्ही वहिनींना आतल्या खोलीत निजवले. मी लिंबाचे सरबत करून पाजले, तर त्यांना जोराचा ठसका लागला. आजींनी तळपायांना काशाची वाटी चोळली. वहिनींना झोप लागल्यासारखी झाली, तेव्हा आम्ही म्हटले, पडू देत, बरे वाटेल. आणि आम्ही स्वयंपाकाला लागलो! नैवेद्य झाला, आरती झाली, पाने उठली. अडीच वाजता पुतणी आईला उठवायला गेली आणि तिने हंबरडाच फोडला. वहिनींचा उजवा हात नि पाय लाकडासारखे पडले होते. तोंडातून शब्द फुटत नव्हता, डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होते.

मिरज म्हणजे डॉक्टरांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लांबलांबचे रोगी तिथे येतात. सांगलीहून अंतर आठ-दहा किलोमीटर. एवढे अंतर जायला आम्ही साडेपाच तास लावले! तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पेशंट शेवटच्या धडधाकट कधी होत्या? नक्की वेळ सांगा." मी म्हटलं, "साडेनऊ." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. तीन वाजले होते. सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ही गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन मिळते, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यांना ते देता आले नाही. आम्ही सरबत करीत, वाटी चोळीत, पाने वाढीत ती वेळ घालवली. बी.ए. झालेली, मुलांना शरीरशास्त्राचे धडे सांगणारी मी, मला ते ओळखता आले नाही.

दोन वर्षांपूर्वीचा कागद

रात्री कागदपत्रे शोधताना भावोजींना वहिनींच्या कपाटात, साड्यांखाली, एक घडी केलेला कागद सापडला. दोन वर्षांपूर्वी महिला मंडळाच्या शिबिरात रक्तदाब मोजल्याचा. १७६ वर १०८. खाली गोळीचे नाव आणि 'रोज घेणे, महिन्याने दाखवणे' अशी सूचना.

पुढे बऱ्या झाल्यावर वहिनींनी हळूहळू सांगितले, ते असे. महिनाभर गोळी घेतली. बरे वाटत होते, म्हणजे पूर्वीही बरेच वाटत होते. कुणीतरी म्हणाले, एकदा गोळी लागली की जन्माची लागते. कुणी म्हणाले, एवढ्या लहान वयात कसली गोळी? मग हरतालिकेचा उपास आला, त्या दिवशी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी विसरली. तिसऱ्या दिवशी आठवण झाली, पण काही दुखत नव्हते. संपलेले पाकीट पुन्हा आणायचे राहिले. भावोजींची मधुमेहाची गोळी मात्र ह्या दोन वर्षांत त्यांनी एक दिवस चुकू दिली नाही.

मैत्रिणींनो, ह्या दुखण्याचा घात इथेच आहे. ते दुखतच नाही. दाढ दुखली तर आपण दवाखान्यात जातो, पोटात कळ आली तर ओवा खातो. रक्तदाब वाढला म्हणून डोके दुखेल, चक्कर येईल अशी वाट पाहत बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. बहुतेकांना काहीच होत नाही. बागेला पाणी घालायची रबरी नळी आठवा. तिच्यात सतत जास्त जोराने पाणी सोडले तर ती काही ओरडत नाही. आतून झिजते, ताठर होते, आणि एक दिवस कुठेतरी फुटते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे असेच होते. त्या अरुंद होऊन गुठळीने बंद पडतात, नाहीतर फुटतात. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि बहुतेकांची वाचाही डावीकडेच असते, म्हणून वहिनींचा उजवा हात आणि बोलणे एकदम गेले. आपल्याकडे ह्याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. पण ते बाहेरून आलेले वारे नव्हे. ते वर्षानुवर्षे आतच साठत आलेले असते.

ह्यातून मोठमोठेही सुटले नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांचा रक्तदाब १९४४ च्या मार्चमध्ये १८६ वर १०८ भरला होता. तो रोखणारी धड औषधेच तेव्हा नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी बसल्याजागी त्यांचे डोके भयंकर दुखू लागले आणि काही तासांत मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले. त्या वेळी मोजलेला दाब ३०० वर १९० होता. सोसवतील अशा गोळ्या निघाल्या त्या १९५० नंतरच्या दहा वर्षांच्या अखेरीस. महायुद्ध चालवणाऱ्या माणसाला जी गोळी मिळू शकली नाही, ती वहिनींच्या कपाटात होती!

घरी आल्यावर

दवाखान्यात अकरा दिवस गेले. गौरीसाठी भरलेल्या हिरव्या बांगड्या सुजलेल्या हातातून परिचारिकेने काढल्या, तेव्हा वहिनी पहिल्यांदा आवाज काढून रडल्या.

खरे दुखणे सुरू झाले ते घरी आल्यावर. गिळताना ठसका लागे, म्हणून सगळे दाटसर करून, ताठ बसवून, चमच्या-चमच्याने भरवायचे. (मी पाजलेल्या सरबताने केवढा धोका झाला असता, हे तेव्हा कळले. ते फुप्फुसात जाऊ शकते.) दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज येत. सुरुवातीला वहिनी त्यांच्यावर चिडत, भांडे भिरकावीत, मग तासभर रडत. आम्हांला वाटे, स्वभाव बदलला. डॉक्टर म्हणाले, हेही त्याच आजाराचे अंग आहे, मनावर घेऊ नका, आणि उदासपणा फार टिकला तर मला सांगा, त्यावरही उपाय आहेत.

शब्दांची तर विचित्र गंमत, पण हसू न येणारी. साखर हवी असली की तोंडातून 'मीठ' निघे. मुलीला हाक मारताना माझे नाव येई. सगळे कळत होते, फक्त शब्द सापडत नव्हता. पाहुणे येत आणि त्यांच्यासमोरच भावोजींना विचारीत, "काही समजतं का हो त्यांना?" मैत्रिणींनो, अशा माणसाला भेटायला गेलात तर एवढी दया करा. त्याच्याशी बोला, सावकाश बोला, उत्तराला वेळ द्या.

डिसेंबरपर्यंत वहिनी काठी घेऊन परसापर्यंत चालू लागल्या. उजवा हात मात्र उठेना. आणि डाव्या हाताने काही करायला त्या तयार होईनात. आपल्याकडे डाव्या हाताने जेवणे, वाढणे, देवाला फूल वाहणे म्हणजे काय, ते मी सांगायला नको. चारचौघांत त्या जेवायलाच बसत नसत. खोलीचे दार लावून मुलीकडून भरवून घेत.

डाव्या हाताची गोष्ट

३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाई फुल्यांची जयंती असते. त्यांचे माहेर नायगाव, आमच्याच सातारा जिल्ह्यातले, आणि जोतिरावांचे मूळ गाव कटगुण, तेही आमच्याच जिल्ह्यात. त्यामुळे आमच्या मुलांना ही माणसे घरची वाटतात. त्या वर्षी भाषण माझ्याकडे होते, म्हणून मी शाळेच्या कपाटातले महात्मा फुल्यांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. पूर्वी परीक्षेसाठी वाचलेलीच पाने, पण आता त्यांतल्या एका ठिकाणी मी थबकले.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मोठी सभा भरून जोतिरावांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले. वय एकसष्ट. त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले ह्यांनी उपचार केले, सावित्रीबाईंनी रात्रंदिवस शुश्रूषा केली. त्यांचा रक्तदाब किती होता, हे कुणालाच कळण्याजोगे नव्हते. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायचे साधन इटलीतल्या रिवा-रोची ह्या डॉक्टरांनी १८९६ साली काढले, म्हणजे जोतिराव गेल्यानंतर सहा वर्षांनी. 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक तेव्हा हातात होते आणि लिहिणारा हात गेला होता. जोतिरावांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि १८८९ साली ते पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक छापून निघाले १८९१ साली.

भाषणात मी मुलांना हे सांगितलेच, पण माझ्या डोळ्यांसमोर सांगलीची बंद खोली होती. संक्रांतीच्या आधी दोन दिवसांची रजा काढून मी सांगलीला गेले. बरोबर एक पाटी आणि पहिलीची अंकलिपी नेली. वहिनी रागावतील म्हणून भीत भीतच गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पाटी डाव्या हाताने पुढे ओढली. पहिला 'ग' असा काही आला की पुतणी आणि मी हसलो. वहिनीही हसल्या, चार महिन्यांत पहिल्यांदा.

संक्रांतीला त्या घरी हळदीकुंकू करायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. पण वाण म्हणून आणलेल्या वाट्या घरात होत्या. पाच-सहा जणींना बोलावले. कुंकू लावायची वेळ आली तेव्हा वहिनींचा डावा हात करंड्याजवळ थांबला. शेजारच्या आजी पाटावरून पुढे वाकल्या. म्हणाल्या, "लाव गं पोरी. हात तुजाच हाय न्हवं?" कुंकू जरा तिरके लागले. आजींनी ते दिवसभर पुसले नाही.

आज वहिनी दुधाचा हिशेब, वाण्याची यादी डाव्या हाताने लिहितात, सगळ्यांबरोबर पानावर बसतात. उजव्या हाताची मूठ अजून नीट उघडत नाही, ती बहुधा उघडणारही नाही. गोळी मात्र रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर घेतात. उपासाच्या दिवशीसुद्धा.

आणि माझा कागद

ह्या सगळ्या धावपळीत एकदा पुतणी म्हणाली, "काकू, तू तुझं बघितलंस का गं?" मी हसून टाळले. पुढे साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात सासूबाईंना घेऊन गेले होते, तेव्हा सिस्टरने सहज माझ्याही दंडाला पट्टा बांधला. १५२ वर ९६. आठ दिवसांनी पुन्हा पाहिले, तेवढाच. मला काही म्हणजे काही होत नव्हते! धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात दाब वाढला होता, तो बाळंतपणानंतर उतरला म्हणून मी विसरून गेले होते. डॉक्टर म्हणाले, ज्या बायकांचा दाब गरोदरपणी वाढतो त्यांना पुढे तो पुन्हा होण्याचा संभव जास्त, त्यांनी दरवर्षी मोजलाच पाहिजे. हे मला त्या अकरा वर्षांत माहीतच नव्हते. आता माझीही गोळी सुरू आहे.

आपल्या साताऱ्याचे एक सांगण्याजोगे आहे. उच्च रक्तदाबाचे रोगी शोधून त्यांना नियमित औषध देण्याचा जो उपक्रम २०१७ च्या अखेरीस देशात सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजायला पैसे पडत नाहीत, गोळ्याही मिळतात. तेव्हा 'खर्च कोण करणार' ही सबब आपल्याला उरलेली नाही.

एवढे लक्षात ठेवा

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, हात छातीच्या उंचीला टेकवावा. वेगवेगळ्या दिवशी दाब १४० वर ९० किंवा अधिक भरला तर डॉक्टरांना दाखवावे. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी मोजावा.

गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दाब नॉर्मल आला, तो गोळीमुळे आला. उपास असेल तर गोळी कशी घ्यायची ते आधीच विचारून ठेवावे. गोळी सोसत नसेल, पाय सुजत असतील, तर डॉक्टर दुसरी देतात.

मिठाचा हिशेब ठेवावा. माणशी दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळ्या पदार्थांतले मिळून. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलो झाले. तुमच्या घरी मिठाची पिशवी किती दिवसांत संपते ते पाहा, आणि लोणचे, पापड, खारे दाणे, सांगलीचे भडंग ह्यांतले मीठ त्याशिवाय मोजा! पोळीच्या कणकेत नि भातात मीठ घालायचे सोडले तर आठ दिवसांत सवय होते. मिश्री लावत असाल तर ती सोडा. तंबाखू ती तंबाखूच.

आणि कुणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, दोन्ही हात वर करायला सांगितल्यावर एक खाली आला, बोलणे अडखळले, एकदम दिसेनासे झाले किंवा तोल गेला, तर घड्याळ पाहा आणि ती वेळ लिहून ठेवा. लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्यायला सांगा. पाणी, सरबत, गोळी, काहीही तोंडात घालू नका. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. चोळणे, अंगारा, कबुतराचे रक्त ह्यांत वेळ घालवू नका. अशा झटक्यात मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. थोड्या वेळाने आपोआप बरे वाटले तरी दवाखान्यात जायचेच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

यंदाही गौरी सांगलीलाच बसल्या. पोळ्या मी लाटल्या, वहिनी डाव्या हाताने तूप सोडत होत्या. नैवेद्याआधी पुतणीने एक यंत्र आणून घरातल्या सगळ्या बायकांना ओळीने बसवले आणि दाब मोजला. आता आमच्याकडे ती पद्धतच पडली आहे. तुमच्याही घरी पाडा. पुढच्या आठवड्यात बाजाराला जाल तेव्हा वाटेतल्या दवाखान्यात दहा मिनिटे थांबा, आणि जाताना शेजारणीलाही हाक मारा.